गोधडीच्या पोटातला तुकडा

निडी गावात कुणालाही मैनाबद्दल विचारा. आधी सांगतील की तिचा टाका बघावा, आणि लगेच सांगतील की तिच्या वाटेला जाऊ नये. दोन्ही खरं आहे. तिनं शिवलेली गोधडी वर्षानुवर्षं अंगावर घ्या, नदीच्या दगडावर आपटून धुवा, दोरा जागचा हलायचा नाही. आणि राग म्हणाल तर तो नाकाच्या शेंड्यावरच मुक्कामाला. फक्त एक गोष्ट लोक सांगत नाहीत. हा सगळा राग निघायचा तो भांड्यांवर, कोंबड्यांवर, नाहीतर चुलीत न पेटणाऱ्या लाकडावर. ज्या माणसावर निघायला हवा होता त्याच्यापुढे मात्र ही बाई मिठाची गुळणी धरून बसायची. चार वर्षं बसली होती.

तो माणूस म्हणजे तिचा नवरा, हैबतराव. आता हा काही वाईट माणूस नव्हे. भात झोडून झालं की वालामागे, वाल निघाले की बांधबंदिस्तीमागे, असा कामातला गडी. दारू नाही, पत्ते नाहीत. तंबाखू तेवढी. पण तोंडातून एकदा शब्द गेला की तो मागे घेणं त्याला थुंकलेलं चाटल्यासारखं वाटायचं. आणि शब्द गेला होता. त्यांची एकुलती एक लेक शांती. रोह्याला कॉलेजात जाता जाता तिचं दिनानाथशी जमलं. तो खाडीकडच्या मिठागरवाल्यांचा पोरगा, डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करायचा. जात वेगळी, गाव वेगळं, बोलीसुद्धा वेगळी. दोघांनी लग्न लावलं आणि पेणला रामवाडीत खोली घेतली. बातमी आली त्या दिवशी हैबतराव ओटीवर उभं राहून सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाला, की आजपासून ते नाव या घरात कुणी घ्यायचं नाही.

आणि कुणी घेतलं नाही. भिंतीवरचा फोटो उतरला. दहावीच्या मार्कांची चौकट उतरली. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी शेवटी तीनदा ‘शांतिः’ म्हणाले तेव्हा घरातली सगळी माणसं खाली मान घालून सुपारीकडे बघत होती. हसायचं की रडायचं, सांगा. मैनाला तर उठून परातच आपटावीशी वाटली. आपटली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मधे शांतीला मुलगी झाली. कुणाकडून तरी कळलं तेव्हा मैनानं गोठ्यामागे जाऊन फोन लावला. बाळ कसं, दूध पुरतं का, डिंकाचे लाडू कोण करून देतं, असं भराभरा विचारत सुटली. शांती थोडा वेळ उत्तरं देत होती. मग थांबली आणि म्हणाली, "आये, गोठ्यामागं उभी ऱ्हाऊन बोलतेस ना? म्हशीचा आवाज येतोय. असा चोरून फोन परत नको करू. चारचौघांत माझं नाव घेशील तवा मी येईन." फोन बंद झाला. मैनाला राग आला तो लेकीचा आला, नवऱ्याचा आला, की त्या म्हशीचा आला, हे तिचं तिलाच कळेना. त्या संध्याकाळी म्हशीला उगाच दोन शिव्या बसल्या.

चारचौघांत नाव घ्यायचं. सांगायला काय जातं? मैना कितीदा तरी मनात ते नाव घेऊन बसायची. पाण्यावर बायका जमल्या की आता बोलू म्हणायची, आणि तोंड उघडलं की वालाच्या भावाबद्दलच काहीतरी बाहेर यायचं.

अशात एका हिवाळ्यात गावात वृंदा आली. पेणच्या जुन्या खोतांची नात. जमिनी गेल्या, घरातली माणसं मास्तर-प्रोफेसर झाली, आणि ही मुंबईत चित्रकला शिकून कलाकार झाली. अंगावर सुती झब्बा, केस कापलेले, पायात पुरुषी चपला. स्वभावानं मात्र गोड पोरगी. आल्या आल्या शेतात मडक्यात भाजलेली पोपटी खाल्ली, तिच्यातली वालाची शेंग दातांनी ओढायला शिकली, बायकांना मावशी म्हणायला लागली. समाजमंदिरात सगळ्यांना बसवून तिनं सांगितलं, की आपण सगळ्यांनी मिळून एक गावाची गोधडी करायची. प्रत्येक घरातून एक जुनं कापड यायचं, ज्याच्यात कुणाची तरी आठवण आहे असं. त्याचा वीतभर तुकडा कापायचा आणि ज्या माणसाचं कापड, त्याचं नाव त्यावर दोऱ्यानं शिवायचं. मग ती गोधडी पेणला मोठ्या सभागृहात लावायची आणि दुनियेनं येऊन बघायची.

इथपर्यंत ठीक होतं. कटकट पुढे सुरू झाली. या पोरीला काहीही विचारा, ती हसून म्हणायची, "तुम्ही ठरवा." दोरा कुठला घ्यायचा? तुम्ही ठरवा. नाव मोठं की बारीक? तुम्ही ठरवा. चहा आधी की नंतर, तेही तुम्हीच ठरवा. ही कला म्हणे लोकांची, कलाकारानं त्यात आपली इच्छा घुसडायची नाही. मैनाला हे पहिल्या दिवसापासून खटकलं. अगं, तुला काहीच सांगायचं नव्हतं तर मुंबईहून आलीस कशाला, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण पोरगी गोड होती ना.

पहिल्या गुरुवारी बायकांनी आणलं काय, तर कोरे ब्लाऊजपीस. एकीनं तर रोह्याच्या दुकानातली घडी मोडली नव्हती. जुनी कापडं पाहुण्याला दाखवायची म्हणजे काय! वृंदानं डोक्याला हात लावला, म्हणजे लावावासा वाटला असावा, कारण ती हसत राहिली. मग पुन्हा समजावलं की जुनंच पाहिजे. दुसऱ्या गुरुवारी हळूहळू निघायला लागलं. कुणाच्या सासूचं लुगडं, कुणाच्या नवऱ्याचा टॉवेल, कुणा मेलेल्या पोराचं झबलं. बायका आपापला तुकडा हातात घेऊन त्या माणसाबद्दल सांगायच्या. रडायच्या, हसायच्या. मैना कोपऱ्यात बसून रिकाम्या हातांनी ऐकत होती. ज्याचं कापड त्याचं नाव, हे तिच्या डोक्यात भोवऱ्यासारखं फिरत होतं. तोंडानं घ्यायला जमत नाही ते नाव दोऱ्यानं घेता येईल की! आणि पेणला लागणार, चारचौघांत काय, चारशे लोकांत.

घरी येऊन तिनं खाटेखालची पेटी ओढली. शांतीचा शाळेतला निळ्या चौकडीचा फ्रॉक तळाशी होता. तुकडा कापायला कात्री घेतली. चार वर्षांचा राग त्या कात्रीत होता, कचकन कापलं. मग दुपारच्या वेळी ओटीवर, वाल सोलायच्या टोपलीआड, लाल दोऱ्यानं तिनं एकेक अक्षर घातलं. हैबतराव पलीकडे तंबाखू मळत बसलेला असायचा. त्यानं बघितलं की नाही, देव जाणे. बघितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, असा तिनं अंदाज बांधला आणि टाका घालत राहिली.

तिसऱ्या गुरुवारी समाजमंदिरात तिनं तुकडा मांडला. निळी चौकड, त्यावर लाल ‘शांती’. बायकांची कुजबुज थांबली. जिला वाचता येत नव्हतं तिनंही फ्रॉक ओळखला. चंद्रावतीनं, म्हणजे मैनाच्या थोरल्या जावेनं, पुढे होऊन तो तुकडा उचलला, दोन क्षण बघितला आणि उलटा करून ढिगात ठेवला. मैनानं तो काढून परत सुलटा केला. चंद्रावती उठून चहा बघायला गेली.

त्याच दिवशी मैनानं फोन लावला, तोही गोठ्यामागे नाही तर समाजमंदिराच्या पायरीवर बसून. शांतीला एवढंच सांगितलं की पेणला आमच्या गावाचं प्रदर्शन आहे, तुझं नाव लावलंय, सगळ्यांना दिसेल असं. शांतीनं विचारलं की खरं ना. मैना म्हणाली, ये आणि बघ.

आता इथून पुढे जे झालं त्याला काय म्हणावं? कुणी वाईट वागलं म्हणावं, तर कुणीच नाही.

वृंदाला रोह्याकडच्या दुसऱ्या गावात काम निघालं. जाताना तिनं सगळे तुकडे बायकांच्या हवाली केले आणि म्हणाली की आता तुम्ही तुमच्या पद्धतीनं गोधडी करा, मी मधे येणार नाही. एवढं बोलून गेली. तुमच्या पद्धतीनं! त्या शहाणीला कुणी सांगितलं नव्हतं, की आमच्याकडे गोधडी म्हणजे काय असते. खाली एक धड लुगडं अंथरायचं, वर दुसरं धड लुगडं, आणि जे काही फाटकं, विरलेलं, तुकड्या-तुकड्यांचं असेल ते सगळं मधे, पोटात. चिंधी कधी वर दिसू द्यायची नाही. जिच्या गोधडीची चिंधी दिसली तिच्या संसाराचीच चिंधी दिसली, असं बायका मानतात. मुंबईच्या दुकानात जे चौकोन-चौकोन जोडलेलं मिळतं, ते वृंदाच्या डोळ्यांपुढे होतं. बायकांच्या डोळ्यांपुढे त्यांची स्वतःची आई होती.

मैनाला मात्र कळलं होतं. वृंदाला तुकडे वर हवेत, हे तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, कारण तिला स्वतःलाही तेच हवं होतं. तिनं बैठकीत सांगून बघितलं. तुकडे वर घेऊया, नावं दिसली पायजेत, नायतर शिवली कशाला? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पेणच्या सभागृहात, डॉक्टर-वकिलांच्या बायका येणार, तिथं आपल्या नवऱ्यांचे टॉवेल वर? शेजारची बायजा म्हणाली की माझ्या सासूचं लुगडं तर बाळंतपणाचं आहे गो, ते काय लोकांना दाखवायचं? चंद्रावती सगळ्यांत शेवटी बोलली. "त्या मुंबईच्या बाईनं सांगितलंय का, वर घ्या म्हणून? नाय ना? मग पोटातलं पोटात ऱ्हाऊ दे, मैना."

ती कशाबद्दल बोलत होती ते मैनाला कळलं आणि सगळ्या बायकांनाही कळलं. पण त्यावर भांडायचं तर ते नाव तोंडानं घ्यावं लागलं असतं. माझ्या शांतीचं नाव दिसायला हवं, एवढं एक वाक्य. ते काही फुटेना. मग तिनं तिथल्या तिथे वृंदाला फोन लावला. चार बायका कान देऊन बसलेल्या. मैनानं विचारलं, मॅडम, तुकडे वर की आत, तुम्ही एक शब्द सांगा. आणि ती गोड पोरगी तिकडून म्हणते कशी, "मावशी, मी सांगितलं तर ती माझी गोधडी होईल. तुम्ही सगळ्याजणी मिळून ठरवा ना."

ठरवलं. हात वर करून ठरवलं. मैनाचा एक हात एका बाजूला आणि उरलेलं गाव दुसऱ्या बाजूला. पालथ्या घड्यावर पाणी. मैनाला वाटलं, तो फोन विहिरीत टाकावा आणि मागोमाग त्या वृंदाला.

आणि चंद्रावतीला नावं ठेवावीत, तर त्याचीही सोय नाही. वरच्या अंगाला लावायला धड लुगडं कुणाचं, हा प्रश्न आला तेव्हा ही बाई उठली, घरी गेली आणि पेटीतलं हिरवं नऊवारी घेऊन आली. भावानं शेवटच्या भाऊबीजेला दिलेलं. एकदाही नेसली नव्हती. भाऊ गेला तसं ठेवूनच दिलेलं. गावाच्या गोधडीला शोभेल, म्हणाली. आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

खळं सगळ्यांत मोठं मैनाचंच, म्हणून गोधडी तिच्याच दारात मांडली. शेणानं सारवलेल्या खळ्यात खालचं लुगडं पसरलं, त्यावर तुकडे ओळीनं मांडले. वारा सुटला होता. कापड उडायला लागलं तेव्हा बायकांनी हैबतरावाला हाक मारली, की भावजी, कोपऱ्यांवर काहीतरी ठेवा. तो कुरकुरत आला. वाटेत पसारा मांडलाय म्हणाला, तुळशीकडच्या कोपऱ्यावर पाटा आणून ठेवला, वरवंटा ठेवला, दोन धोंडे आणले आणि पुन्हा ओटीवर जाऊन तंबाखू मळत बसला. मग हिरवं लुगडं वर आलं आणि सगळी नावं झाकली गेली. मैनाला डोळ्यांतल्या पाण्यातून काही धड दिसत नव्हतं. बाकीच्या बायकांनी गाणी धरली.

टाके घालायला सगळ्या गोल बसल्या. मैनाला वाटलं होतं, आपण सुईला हात लावायचा नाही, फुगून बसायचं. पण शेजारी बायजानं घातलेले टाके बघितले, मारे बोटभर लांब, आणि तिला राहवेना. तिनं सुई हिसकावून घेतली. टाका घालायचा तर नीट घाला, नायतर घालू नका, म्हणाली आणि कडेपासून आत शिवत सुटली. पुढचे सगळे दिवस शिवत होती. बारीक, घट्ट, एकसारखे टाके, लेकीच्या नावावरूनसुद्धा. राग आला की या बाईचा टाका आणखीच घट्ट पडतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

वृंदा परत आली. बायकांनी मोठ्या हौसेनं गोधडी उलगडून दाखवली. हिरवीगार, त्यावर पांढऱ्या टाक्यांच्या ओळी, एकही चिंधी कुठे दिसत नाही. वृंदा बघतच राहिली. तिचा चेहरा पडला आणि मैनाला पहिल्यांदा बरं वाटलं. आता ओरडेल, आता म्हणेल उसवा. मैना कात्री आणायला उठलीसुद्धा. पण वृंदानं गोधडीवरून हात फिरवला, आतले तुकडे बोटांना लागले असतील, आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, हे किती सुंदर आहे! बायकांच्या आठवणी अशाच तर असतात, आत, न दिसणाऱ्या. हे मला कधी सुचलंच नसतं. लगेच मोबाईल काढून फोटो घ्यायला लागली. बायका खूष, वृंदा खूष. मैना एकटी कात्री हातात धरून उभी.

तिनं वृंदाला बाजूला घेऊन सांगितलं की मॅडम, हे चुकलंय, उसवूया, मी एकटी उसवते, रात्रीचा दिवस करते. वृंदानं तिचा हात हातात घेतला. मावशी, हा तुम्हा सगळ्यांचा निर्णय आहे, मी त्याचा मान ठेवणार. मैनाला त्या क्षणी मान या शब्दाचीच शिसारी आली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. शांतीला फोन करून येऊ नको सांगावं म्हटलं, तर सांगणार काय? तुझं नाव आहे, पण दिसत नाही? दोनदा नंबर लावला आणि दोनदा कापला.

प्रदर्शनाच्या दिवशी गावातून टेम्पो भरून माणसं पेणला गेली. बायकांचा नारळ देऊन सत्कार होणार म्हणून नवरेही निघाले. हैबतरावानं धुवट टोपी घातली. सभागृहात समोरच्या भिंतीला गोधडी लावली होती, खालची कड माणसाच्या गुडघ्यापर्यंत आलेली. बाजूला छापील पाटी, ‘न दिसणाऱ्या आठवणी’. एका टेबलावर सुई, दोरा, कात्र्या, चिंध्या ठेवल्या होत्या, आलेल्या पाहुण्यांनीही चार टाके घालावेत म्हणून. पाहुणे पाटी वाचायचे, मान डोलवायचे, गोधडीपुढे उभं राहून फोटो काढायचे. भाषणं झाली, नारळ मिळाले. मैनानं नारळ घेतला आणि दाराकडे बघत बसली.

आणि शांती आली. कडेवर पोर, अंगावर ठेवणीतली साडी. बारीक झाली होती. निडीच्या बायका पटापट पदर सारखे करायला लागल्या. हैबतराव खांबाशी उभा होता, त्यानं मान वळवली. शांती कुणाकडे न बघता सरळ गोधडीपुढे गेली. वरपासून खालपर्यंत बघितलं. पाटी वाचली. पुन्हा गोधडी बघितली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नाव शोधत गेली, अगदी वर्गात फळ्यावर निकाल शोधतात तशी. मैना तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"कुठाय?" शांतीनं विचारलं.

"आत हाय," मैना म्हणाली. "शिवलंय गो. लाल दोऱ्यानं शिवलंय. ह्या बायकांनी..."

शांतीनं पुढचं ऐकून घेतलं नाही. ती ओरडली नाही, रडली नाही. नुसतं म्हणाली, "इथंबी मला झाकूनच आणलंस, आये." आणि पोर सावरत वळली.

आता मैनाचं काय झालं ते तिलाच माहीत. आयुष्यभर भांड्यांवर काढलेला राग, चुलीवर काढलेला, म्हशीवर काढलेला, तो सगळा एका ठिकाणी आला म्हणा. तिनं टेबलावरची कात्री उचलली, गोधडीला हात घातला आणि कर्रकन टाका कापला. सभागृहात हा आवाज केवढा मोठा ऐकू गेला. चंद्रावती धावत आली, की नवी गोधडी उसवू नये गो, अशुभ असतं. वृंदा पुढे आली आणि मग काय करावं न कळून थांबली. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. दोघा-तिघांनी मोबाईल वर केले. दारापाशी शांती थांबली होती.

मैना उसवत होती आणि उसवत नव्हतं. स्वतःचाच टाका, काही केल्या हलेना. कात्रीचं टोक आत जाईना, नखं लावली, दात लावला. कसंबसं वीतभर तोंड उघडलं आणि आतून निघाला बायजाच्या सासूच्या लुगड्याचा तुकडा. तिनं तो तसाच लोंबता सोडला आणि दुसरीकडे घातली कात्री. तिथून निघालं कुणाचं तरी झबलं. तिसरीकडे चंद्रावतीनं आणलेलं सासऱ्याचं धोतर. वर नुसतं हिरवं लुगडं, सगळीकडे सारखं, कुठे काय आहे याचा पत्ता लागेना. मांडताना डोळ्यांत पाणी होतं, तिनं ओळी कुठे बघितल्या होत्या? घाम आला, श्वास लागला, पदर खांद्यावरून घसरला. इतक्या लोकांपुढे ती वेड्यासारखी ते कापड चाचपत होती आणि तोंडानं त्या गोधडीलाच शिव्या देत होती. आयुष्यात एवढी हरलेली ती कधी नव्हती.

"तिथं नाय," मागून आवाज आला.

हैबतराव खांबापासून दोन पावलं पुढे आला होता. टोपी हातात होती. तो गोधडीकडे बघत होता, माणसांकडे नाही.

"तुळशीकडल्या कोपऱ्यात हाय," तो म्हणाला. "मी पाटा ठेवला व्हता तिथं. खालून दुसरी ओळ. शांतीचा तुकडा तिथं हाय."

चंद्रावतीनं पदर तोंडाला लावला. म्हणजे याला ठाऊक होतं. ओटीवर तंबाखू मळताना त्यानं लाल अक्षरं वाचली होती, खळ्यात तुकडा कुठे पडला ते बघून ठेवलं होतं, आणि तोंड बंद ठेवलं होतं. मैनाला वाटायला हवं होतं बरं. नाही वाटलं. तिला एवढा संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. ठाऊक होतं, तर मग ही चार वर्षं कशाची होती? मी गोठ्यामागे उभी राहिले ती कशासाठी? ती सरळ चालत त्याच्यापाशी गेली आणि कात्री त्याच्या हातात दिली.

"मग उसवा तुम्हीच."

हैबतरावानं कात्री उलटसुलट करून बघितली. मग टोपी खिशात कोंबली, जाऊन गोधडीच्या त्या कोपऱ्याशी उकिडवा बसला आणि उसवायला लागला. त्याला कुठलं जमतंय! नांगराचा हात, टाक्याबरोबर लुगडंच कापत निघाला. चंद्रावती आपल्या लुगड्याकडे बघत राहिली. मैनानं थोडा वेळ सहन केलं. मग दाराकडे वळून लेकीला हाक मारली, नाव घेऊन, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी.

"शांते, उभी काय ऱ्हायलीस? ये इकडं, कापड ताणून धर. तुझ्या बापाला टाका दिसत नाय."

शांतीनं पोर मैनाच्या हातात दिलं आणि जाऊन गोधडीची कड धरली.